गोऱ्या सुनेचा सिनेमा

त्या सिनेमाचं नाव मी सांगणार नाही. आमच्या वयाच्या बायकांचा तो अजून जीव की प्राण आहे. नाव घेऊन वाईट बोलले तर भांडायला येतील, आणि भांडायचं त्राण माझ्यात उरलेलं नाही. मागचा उन्हाळा नातेवाइकांचे उंबरठे झिजवण्यात गेला. तेव्हापासून अंगात एक थकवा बसला आहे, तो कितीही झोपलं तरी निघत नाही. सिनेमाबद्दल लिहायचं म्हणजे त्या उन्हाळ्याबद्दलच लिहावं लागणार.

सिनेमा हिंदी, रंगीत, जुना. नायक धरणावरचा इंजिनिअर. कामावर परदेशातून तज्ज्ञ मंडळी येतात, त्यांच्याबरोबर एक गोरी डॉक्टरीण असते. सोनेरी केस, निळे डोळे. तिचं आणि नायकाचं जमतं आणि नायकाची आई पदर खोचून आडवी उभी राहते. गोरी अंगणात येऊन गेली की आई मागून गोमूत्र शिंपडते. गोरी बिचारी हसत राहते, मोडक्या हिंदीत आर्जवं करते. शेवटी गावात पटकीची साथ येते. आई अंथरुणाला खिळते, सख्खे पळून जातात आणि गोरी तिचं हागणंमुतणं काढते. आई बरी होते, कुंकवाचा करंडा उघडते आणि गोरीच्या कपाळाला टिळा लावते. मग हिरवं लुगडं नेसलेली गोरी, सोनेरी केस पदराखाली झाकून, तुळशीला पाणी घालते. संपलं.

हा सिनेमा मी पहिल्यांदा सासूबरोबर पाहिला, मलकापूरच्या टॉकीजमध्ये. लग्न होऊन वडनेर भोलजीला आले त्याला वर्षही झालं नव्हतं. सासू कडक होती. तिच्यापुढे सासरेसुद्धा खाकरून बोलत. पण सिनेमा हा तिचा एकुलता एक शौक. डोळे दाखवायला जातो असं घरी सांगायचं, सोबतीला नव्या सुनेला घ्यायचं आणि दुपारचा खेळ धरायचा. "खोटं कुठी बोललो आपन?" ती मला म्हणायची. "डोयेच त कामी आले."

त्या दुपारी टिळ्याच्या प्रसंगाला सगळी टॉकीज मुसमुसत होती. सासूनं माझा हात धरला, तो 'समाप्त' येईपर्यंत सोडला नाही. परत येताना एसटीत खिडकीशी बसून ती डोळे पुसत होती. मग म्हणाली, "मानूस पाहाव व माय. कातडं काय पाहाचं?"

मला ते वाक्य फार आवडलं. माझ्या माहेरी शेगावला असं कोणी बोलत नसे. ज्या घरात असं बोलणारी सासू आहे तिथे आपलं निभेल, असं वाटून मी त्या दिवशी खरोखर सुखावले. तसं निभलंही. पुढे टीव्ही आला, दर दोन-चार महिन्यांनी रविवारी हा सिनेमा लागायचा आणि आम्ही दर वेळी तो पाहायचो. माझी लेक, आमचं एकुलतं एक लेकरू, माझ्या मांडीवर बसून तो पाहत मोठी झाली. गोमूत्राच्या प्रसंगाला ती डोळे मिटून घ्यायची आणि टिळा लागला का, टिळा लागला का, असं विचारत राहायची.

मागच्या शिमग्याच्या सुमाराला तिचा पुण्याहून फोन आला. ती तिथे एका औषधांच्या कंपनीत तपासणीच्या कामाला आहे. मी अंगणात वाळलेल्या मिरच्यांचे देठ मोडत बसले होते. ती म्हणाली, "आई, मी लग्न करायचं ठरवलंय." मी म्हटलं, बरं झालं बाई, कधीची वाट पाहतोय. ती म्हणाली, "तो टांझानियाचा आहे. आफ्रिकेतला. इथंच शिकला, आता माझ्याच कंपनीत आहे."

अशा वेळी माणूस काय बोलेल याचा नेम नसतो. मी विचारलं, "शाकाहारी आहे का?" ती हसली, आणि हसता हसता रडायला लागली. माझे हात तिखट झाले होते, मला डोळेही पुसता येईनात.

मग तिनं सगळं सांगितलं. लग्न पुण्यातच, नोंदणी कार्यालयात, उन्हाळ्यात करणार होते. आमची परवानगी ती मागत नव्हती. खर्च मागत नव्हती. मांडव, वाजंत्री काही नको होतं. तिला एकच गोष्ट हवी होती. "कोणीतरी माझं गडगनेर करावं, आई. एक घर तरी."

गडगनेर म्हणजे पुण्याकडचं केळवण. लग्न ठरलेल्या पोरीला भाऊबंद, मामा, मावश्या, शेजारीपाजारी आपापल्या घरी जेवायला बोलावतात, पाटावर बसवतात, कुंकू लावतात, साडीचोळी देतात. पण आमच्याकडे त्याचा अर्थ जेवणाहून मोठा आहे. ज्या घरानं पोरीचं गडगनेर केलं, त्या घरानं ते लग्न मानलं. पुढे त्या घरची माणसं तोंड फिरवू शकत नाहीत. आणि ते आईबापांनी करून चालत नाही. आईबाप तर रोजच जेवू घालतात. दुसऱ्याच्या चुलीवर शिजलं तरच ते गडगनेर. जिच्यासाठी एकाही दुसऱ्या घरी चूल पेटली नाही ती पोरगी लग्न करून गेली असं आमच्याकडे कोणी म्हणत नाही. पळून गेली म्हणतात.

म्हणून मला एक घर मिळवायचं होतं. बाकी मला काही कळत नव्हतं. तो माणूस कसा आहे, त्यांचं पुढे कसं होणार, ते कुठे राहणार, हे सगळं मी बाजूला ठेवलं.

आधी घरात सांगणं भाग होतं. नवरा भाजीपाल्याची शेती करतो. आवाज चढवणारा माणूस नाही, पण एकदा गप्प झाला की बैलानं बसकण मारल्यासारखा, काही केल्या उठत नाही. सासू आता भिंतीपलीकडे धाकट्या दिराकडे राहते. चुली वेगळ्या होऊन बरीच वर्षं झाली. वय खूप झालं, पण कान शाबूत आणि जीभही. कुळात तिचा शब्द अजून चालतो. तिनं हो म्हटलं तर दिराघरी गडगनेर होईल, आणि दिराघरी झालं तर बाकीच्यांना नाही म्हणणं जड जाईल, असा मी हिशेब केला. मग मला सुचलं की आधी सगळ्यांना तो सिनेमा दाखवावा. मनं मऊ होतील, सासू रडेल, मग हळूच विषय काढावा. माझ्या आयुष्यात मला सुचलेली ही सगळ्यात हुशार युक्ती आहे असं तेव्हा वाटलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर फोनवरून टीव्हीला सिनेमा जोडला. सासूला हाताला धरून आणलं, खुर्ची दिली. नवरा तक्क्याला टेकून बसला. सिनेमा सुरू होताच सासूचा चेहरा उजळला. "हा पाय हा, आत्ता हा पुलावर उभा राहीन," असं ती आधीच सांगायला लागली. गोमूत्राच्या प्रसंगाला तिनं नायकाच्या आईला नेहमीच्या शिव्या दिल्या. मला वाटलं, जमतंय.

आणि मग ते गाणं आलं.

ते गाणं मी साफ विसरले होते. नायक रुसून शहरात जातो, हॉटेलात बसतो, तिथे एक नाचणारी नाचत असते. तिच्या मागे पुरुषांची एक रांग. अंगाला, तोंडाला काळा रंग फासलेला, ओठ पांढरे रंगवलेले, कमरेला गवत, हातात भाले. डोळे वटारून उड्या मारतात, जिभा काढतात, माकडासारखं अंग खाजवतात. सिनेमात त्यांचं बाकी काही काम नाही. लोकांनी हसावं म्हणून त्यांना आणलं आहे.

नवरा हसला. वर्षभर न हसणारा माणूस खो खो हसला. "पाय व, कसे भुतावानी नाचून राह्यले." सासू तर पदर तोंडाला लावून हसत होती. मलकापूरच्या टॉकीजमध्ये मीही हसले असणार, कारण तेव्हा सगळेच हसायचे. माझ्या हातात रिमोट होता. गाणं पुढे ढकलता आलं असतं. पण हात उचललाच नाही, मी नुसती पाहत बसले. माझ्या लेकीनं फोनवर पाठवलेला त्याचा फोटो माझ्या डोळ्यासमोर होता. चष्मा लावलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला, थोडा लाजलेला. ते गाणं त्या दिवशी संपता संपेना.

पुढे पटकीची साथ आली, टिळा लागला, सासू रडली. सगळं ठरल्याप्रमाणे झालं. मी टीव्ही बंद केला आणि सांगून टाकलं. आणखी थांबले असते तर पुन्हा धीर झाला नसता.

नवरा उठला, टोपी घातली आणि भर उन्हात मळ्यात निघून गेला. सासू खुर्चीतच होती. तिनं विचारलं, "कोन्या देसाचा म्हनली तू?"

मी पुन्हा सांगितलं.

"आत्ता नाचत होते तसा?"

"आत्याबाई, ते तोंडाला रंग फासलेले मुंबईचे लोक होते." माझा आवाज चढला. "आणि तुम्हीच म्हणाल्या होत्या ना, मानूस पाहाव, कातडं काय पाहाचं?"

इतकी वर्षं या घरात राहून मला एवढंही कळू नये, अशा नजरेनं तिनं माझ्याकडे पाहिलं. "ती गोरी होती व," ती म्हणाली. आणि पुढे म्हणाली, "अन् ती सून होती. सून घरात आनाची रायते, माय. लेक द्याची रायते."

मला राग आला. खूप आला. पण खरं सांगायचं तर त्या म्हातारीनं एका वाक्यात त्या सिनेमाची जेवढी खरी परीक्षा केली तेवढी मला इतक्या वर्षांत करता आली नव्हती. ती भिंतीपलीकडे गेल्यावर मी एकटीच बसून तो सिनेमा मनात पुन्हा चालवला आणि एकेक धागा सुटत गेला. दुरून डोंगर साजरे, तसं होतं सगळं. ती गोरी होती म्हणून टॉकीजमधल्या प्रत्येक बाईला मनातून ती हवीच होती. सून काळी असती, तर ती डॉक्टरीण असूनही कोणाचे डोळे पाणावले असते? आणि मिळालं काय तिला? केस झाकायला मिळाले. बिचारी डॉक्टर, पण शेवटी तिच्या हातात तांब्या. आणि पटकीची साथ आलीच नसती तर त्या पोरीचं काय झालं असतं? एखाद्या घरात शिरायला तिथल्या म्हातारीनं मरायला टेकावं लागतं, असं तो सिनेमा आम्हाला शिकवत होता, आणि आम्ही रडून रडून शिकत होतो.

तिच्या आईबापांना सिनेमात एकच प्रसंग आहे. बंदरावर ते तिला निरोप देतात. आई रुमाल हलवते. ती काय बोलते ते ऐकूही येत नाही, बोटीचा भोंगा वाजत असतो. पाहताना आम्हाला त्या बाईबद्दल कधी काहीच वाटलं नाही. तिची पोरगी आमच्याकडे येत होती ना, मग झालं.

आता तुम्ही विचाराल, मग सिनेमा टाकाऊ झाला का? मला ठरवता येत नाही. त्याच सिनेमानं माझ्या लेकीला लहानपणी टिळ्याची वाट पाहायला लावली. ती पुढे ज्या धाडसानं वागली त्यात त्याचा थोडा वाटा असेलही. पण तिनं ज्या टिळ्याची वाट पाहिली तो लावायचे हात 'ती गोरी होती' म्हणणाऱ्या तिच्या आजीचेच होते. त्याला मी काय करू?

मग उंबरठे सुरू झाले. आधी शेगावला भावाकडे गेले. भावाचं लॉज आहे, दर्शनाला येणारे लोक उतरतात. कुठून कुठून येतात. भावानं चहा पाजला, मन लावून ऐकून घेतलं. मग म्हणाला, "लॉजवर कोनीबी उतरते, ताई. मी कोनाले नाही म्हनत नाही. पन घर म्हनजे लॉज नोहे." वहिनी आतून बाहेर आलीच नाही. मामाचं घर बंद झालं.

रोहिणखेडला नणंद दिली आहे, तिच्याकडे गेले. तिनं मला मिठी मारली, माझ्यासाठी रडली, लेकीसाठी रडली. पण गडगनेराचं नाव काढताच तिच्या मुलीची सोयरीक पुढे आली. सोयरीक जुळून राह्यली, वैनी, आत्ताच नको. गावातल्या एका शेजारणीनं तर मला उलट विचारलं, की पोरीवर काही करणी तर केली नाही ना त्यानं. मी म्हटलं, नाही बाई, पगाराची नोकरी केली. तिला विनोद कळला नाही आणि मलाही तो सांगून बरं वाटलं नाही.

नवरा या सगळ्यात एकदाच बोलला. मी जेवायला वाढत होते. "म्या नाही म्हनलं नाही तिले," तो म्हणाला. "पन मले कुठी बोलवू नका." आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी भाकरी वाढली आणि तव्यावरची दुसरी उलटली.

लग्नाची तारीख जवळ आली. मी लेकीला फोन करून सांगितलं, की नाही जमत, बाई. मी हरले. ती म्हणाली, "असू दे आई. तू कशाला फिरतेस उन्हात?" हे ती ज्या मायेनं म्हणाली ते मला सहन झालं नाही. फोन ठेवून मी भिंतीला टेकून मोठ्यानं रडले. भिंतीपलीकडे कान शाबूत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासू काठी टेकत आमच्या दारात आली. आत आली नाही. उंबऱ्यापलीकडूनच म्हणाली, "पोट्टी उपाशी जाईन काय लग्नाले? म्या मेली नाही अजून. सांग तिले येजो म्हना, मांडे करतो."

मी पदरानं डोळे पुसत उंबऱ्यापाशी आले.

"पोट्टीले बोलावलं हाय," तिनं लगेच बजावलं. "त्याले नाही. त्याचं मी काही म्हनत नाही."

आताशा गडगनेराला जोडीनं बोलावतात. हे तिला ठाऊक होतं, मलाही होतं. पण जुनी रीत एकट्या पोरीचीच होती, तिचा आधार घेता येत होता, आणि मी घेतला. एक घर मिळालं होतं. मी आणखी घासाघीस केली नाही.

लेक आली. एकटी आली, पण शेगावपर्यंत तोही आला होता. मंदिरात दर्शन घेतलं, महाप्रसादाच्या पंगतीत सगळ्यांबरोबर बसून जेवला आणि तिथल्याच एका लॉजवर थांबला. मामाच्या नव्हे. आमच्या घरापासून गाडीनं तासाभराच्या वाटेवर तो दिवसभर बसून होता. लेकीनं मला हे आल्या आल्या सांगितलं आणि मग त्याचा विषय काढला नाही.

दिराच्या अंगणात जावेनं चूल मांडली. उपड्या खापरावर पुरणाचे मांडे टाकायचे म्हणजे हातावर मांडा फिरवून मोठा करावा लागतो, पातळ रुमालाएवढा. सासूला आता फार वेळ उभं राहता येत नाही, तरी ती खुर्ची चुलीपाशी घेऊन बसली आणि जावेला शिव्या देत राहिली. आंब्याचा रस, कुरडया, कढी, वडे, सगळं केलं. लेकीला पाटावर बसवलं. सासूनं तिला कुंकू लावलं, ते थोडं नाकावर सांडलं. मोतिया रंगाची साडी दिली. लेक आजीच्या पाया पडली आणि तशीच काही वेळ वाकून राहिली.

पंगत बसली तेव्हा नवरा आला. कोणी बोलावलं नव्हतं. हातपाय धुऊन पंगतीच्या शेवटी बसला आणि खाली मान घालून जेवू लागला. अर्ध्यात त्यानं मान न उचलताच जावेला सांगितलं, "तिले रस वाढ." एवढंच. लेकीच्या वाटीत रस होता, तरी जावेनं आणखी वाढला आणि लेकीनं तो सगळा संपवला.

मला तेव्हा फार आनंद झाला. तो लपवायचं काही कारण नाही. जिंकले असं वाटलं. सिनेमात इथे बासऱ्या वाजल्या असत्या. आमच्याकडे भांडी घासायची होती, जावेनं आणि मी ती घासली, आणि संध्याकाळी लेक शेगावला परतली.

लग्नाला मी एकटीच गेले. नांदुऱ्याहून गाडी धरली. नवरा स्टेशनवर सोडायला आला, पिशवी डब्यात ठेवून दिली आणि गाडी हलायच्या आधीच वळून गेला.

नोंदणी कार्यालयाच्या व्हरांड्यात आम्हाला बराच वेळ थांबावं लागलं. तिथे मी त्याला पहिल्यांदा समोर पाहिलं. फोटोपेक्षा उंच. पाया पडायला वाकला तेव्हा मी घाबरून मागे सरकले, मग सावरले. "काकू, बसा ना, पंख्याखाली बसा," तो म्हणाला. त्याचं मराठी ऐकून मी चाटच पडले. अगदी पुस्तकी, पुण्याचं, मला 'काकू' म्हणणारं. मी एक वाक्य बोलले तर तो कान देऊन म्हणतो, "तुमचं मराठी थोडं वेगळं आहे, मला सावकाश सांगाल का?" इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी पोटातून हसले.

तो माझ्याजवळ बसला. मी विचारलं, तुझी आई आली नाही? तो म्हणाला, एवढा प्रवास तिला झेपत नाही, आणि तिची समजूतही नुकतीच पटली आहे. मी म्हटलं, समजूत कशाची?

"ती नको म्हणत होती, काकू. वर्षभर."

मला कळेना. नको म्हणत होती? कोणाला? आम्हाला?

त्यानं जे सांगितलं ते असं. त्यांच्या गावात हिंदुस्थानी लोकांची दुकानं आहेत, पिढ्यान्‌पिढ्यांची. त्याची आई शिवणकाम करते. तरुणपणापासून अशाच एका दुकानाच्या ओट्यावर तिचं मशीन होतं. दुकानाच्या वर मालकाचं घर. त्या घरच्या पोरींचे कपडे तिनं शिवले, त्यांच्या लग्नांचे शिवले. पण वर जिना चढून जेवायला तिला कधी कोणी बोलावलं नाही. तिचं पाणीसुद्धा खाली, वेगळ्या पेल्यात. म्हणून तिनं मुलाला सांगितलं होतं, की त्या लोकांची मुलगी करू नकोस. ते तुला ओट्यावरच ठेवतील.

मी पदरानं वारा घेत राहिले. त्या उन्हाळ्यात शेगाव, रोहिणखेड, वडनेर, कितीतरी घरांत बसून आम्ही त्याला घ्यायचं की नाही याचा खल केला होता. आम्हालाही कोणी नको म्हणू शकतं, हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

सह्या झाल्या, हार घातले. माझ्या लेकीनं आजीची मोतिया साडी नेसली होती. मग त्यानं फोन लावला आणि पडद्यावर त्याची आई आली. माझ्याच वयाची, डोक्याला निळा कपडा गुंडाळलेला, मागे शिवणयंत्र. माझ्या लेकीला पाहून तिनं मान डोलावली. मग फोन माझ्याकडे आला. ती हसली नाही. मला निरखून पाहू लागली, मुलगी पाहायला आलेल्या घरची मोठी बाई पाहते तशी. मी पदर सारखा केला. तिनं एक प्रश्न विचारला, छोटासा.

तो चष्मा काढून पुसू लागला. मी विचारलं, काय म्हणतात? तो म्हणाला, काही नाही, काकू, तब्येत विचारतेय. माझी लेक खाली पाहत होती. तिला त्यांची भाषा थोडी कळते. मी म्हटलं, "नाही, काय म्हणाल्या ते सांग मला."

"ती विचारतेय," तो हळू म्हणाला, "तुमच्या घरी मला जेवायला वाढलं का?"

व्हरांड्यात दुसऱ्या कोणाचं तरी लग्न लागलं होतं, ते लोक पेढे वाटत होते. माझी लेक माझ्याकडे पाहत नव्हती. फोनमधली बाई पाहत होती.

"नाही," मी म्हणाले. "अजून नाही वाढलं. असंच सांग त्यांना."

त्यानं मान डोलावली आणि आईशी बोलायला लागला. माझं वाक्य एवढंसं होतं, तो मात्र बोलतच राहिला. बोलता बोलता त्यानं एका हातानं हवेत काहीतरी गोल फिरवलं, मोठं, पातळ, रुमालाएवढं. मग बोटं एकत्र करून वाटीत बुडवल्यासारखी केली आणि तोंडाकडे नेली. पोटावरून हात फिरवला. तो माझं 'नाही' सांगत नव्हता, हे कळायला मला त्यांची भाषा यायची गरज पडली नाही.

फोनमधल्या बाईचा चेहरा सैल झाला. ती हसली, दात दिसेपर्यंत हसली, आणि छातीवर हात ठेवून माझ्याकडे पाहून एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणू लागली, "असांते, असांते."

"धन्यवाद म्हणतेय," माझी लेक म्हणाली.

मी हात जोडले आणि ते धन्यवाद घेतले.